कॅसेटी, सीडी आणि फ्लॅक : घरचं गाणं कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावं

घरातल्या कॅसेटी आणि सीडी संगणकावर उतरवणार असाल तर मूळ प्रत फ्लॅकमध्येच करा, म्हणजे गाण्यातलं काहीही न टाकता फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये. गाण्यातला काही भाग टाकून फाइल आणखी लहान करणारे एमपी३, एएसी, ओपस वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. मोबाइलवर आणि गाडीत मीही तेच ऐकते. पण ती वापरायची प्रत. जपून ठेवायची प्रत वेगळी, आणि त्या जागेसाठी फ्लॅकइतका भरवशाचा फॉरमॅट मला दुसरा दिसला नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण ठाण्यात माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत दिवाणाखाली कॅसेटींचे खोके पडून आहेत आणि दर पावसाळ्यात त्यातलं थोडं थोडं गाणं कायमचं जातंय.

आमचं घर चरईत. मी गाणं शिकवते. संग्रहाचा मोठा भाग सासऱ्यांचा, म्हणजे दादांचा. नोकरी सांभाळून ते गाण्यामागे फिरायचे. गणेशोत्सवातल्या आणि कोजागरीच्या बैठकी, कुणाच्या दिवाणखान्यात झालेलं खासगी गाणं, रेडिओवरच्या सभा असं बरंच काही त्यांनी गवयांची परवानगी घेऊन सी-९०, म्हणजे दीड तासाच्या, कॅसेटींवर मुद्रित करून ठेवलं. प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कागदावर त्यांच्या बारीक अक्षरात राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तारीख. ही मुद्रणं जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. बाजारातून आणलेल्या कॅसेटी आणि सीडींची गोष्ट वेगळी, त्यातलं बरंचसं आज कुठल्या ना कुठल्या ॲपवर सापडतं. दादांचं मात्र एकदा गेलं की गेलंच. त्यामुळे फॉरमॅट निवडताना ‘चांगलं ऐकू येतं का’ एवढाच प्रश्न माझ्यापुढे नव्हता.

आधी थोडं गणित, कारण सगळा घोळ जागेवरून होतो. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि चॅनेल दोन. गुणाकार केला की १,४११ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे किलोबिट, येतात. तासाभराच्या सीडीला ६३५ एमबी लागतात. वेव्ह, म्हणजे अजिबात न आवळलेली, फाइल केली तर तेवढीच जागा खाते. तेच तासाचं गाणं १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ५८ एमबीत बसतं, ३२० च्या एमपी३ मध्ये १४४ एमबीत. फ्लॅकमध्ये माझ्याकडच्या ख्याल गायनाच्या सीडी साधारण निम्म्यावर येतात, म्हणजे तासाला तीनशे-साडेतीनशे एमबी.

एमपी३ ला एवढी बचत जमते कारण तो गाण्यातला काही भाग टाकून देतो. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, या तत्त्वावर तो कुठे काय वगळता येईल ते ठरवतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या आणि इतर संशोधकांनी हे प्रमाण बसवलं तेव्हा डिस्क लहान होत्या आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं. त्या काळासाठी ते फार मोठं काम होतं. फ्लॅक काहीच टाकत नाही. मागच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा तो अंदाज बांधतो आणि अंदाज नि खरा नमुना यांतला फरक तेवढा लिहून ठेवतो. फरक लहान असतो, म्हणून कमी बिटांत मावतो. वाजवताना तोच अंदाज पुन्हा बांधून त्यात फरक मिळवला की मूळ गाणं शेवटच्या बिटापर्यंत जसंच्या तसं परत येतं. जॉश कोल्सन यांनी २००० मध्ये हे काम सुरू केलं, २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली, आणि २०२४ च्या डिसेंबरात आरएफसी ९६३९ या क्रमांकाने त्याचं अधिकृत इंटरनेट प्रमाणही प्रसिद्ध झालं. पहिल्यापासून मोफत आणि खुला. कुठल्या एका कंपनीने दुकान बंद केलं म्हणून माझी फाइल उघडेनाशी होण्याची भीती नाही, आणि मला याचं मोल फार वाटतं.

अंदाजावर चालत असल्यामुळे फाइल किती लहान होईल ते गाण्यावर अवलंबून असतं. तानपुरा आणि आवाज, एवढंच असलेला आलाप छान आटोपशीर होतो. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून काढलेल्या सीडी मोनो असतात. दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखे असले तर दुसऱ्या चॅनेलला जवळजवळ जागाच लागत नाही. कॅसेटची खरखर मात्र फ्लॅकला झेपत नाही. तिचा अंदाज कुणालाच बांधता येणार नाही, म्हणून ती सगळीच्या सगळी लिहावी लागते. दादांच्या कॅसेटी सीडींपेक्षा जास्त जागा खातात त्याचं हे एक कारण. फ्लॅक बनवताना ० ते ८ अशी पातळी विचारतात. ती दर्जाची पातळी नाही, संगणकाने किती मेहनत घ्यायची त्याची आहे. ० वरही गाणं तेच आणि ८ वरही तेच. मी ८ वर ठेवते. थोडा वेळ जास्त लागतो आणि फाइल किंचित लहान होते.

आता कानाचं. माझा भाचा नेरूळला राहतो, संगणकाचं सगळं त्याच्याकडे. मी फ्लॅकच्या बाजूने फार जोरात बोलायला लागले तेव्हा तो म्हणाला, “मावशी, तू बोलू नकोस, ऐकून दाखव.” फुबार२००० या मोफत प्लेयरला एबीएक्स नावाची जोड मिळते. त्यात एकाच गाण्याच्या दोन फाइली द्यायच्या. ती त्यातली एक लपवून वाजवते आणि कोणती होती ते आपण सांगायचं. सोळा फेऱ्यांत बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर आली तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे खरंच ऐकू येतंय असं मानायला हरकत नाही. कुणी कुठल्याही फॉरमॅटबद्दल ‘जमीन-अस्मानाचा फरक आहे’ म्हणालं की त्याला ही चाचणी द्यायला सांगावी.

माझा निकाल असा. १२८ केबीपीएसचा एमपी३ अभंगाच्या मुद्रणात मी लगेच ओळखते, आणि ओळखते ते टाळांवरून. गायकाच्या आवाजात काही बिघडल्यासारखं वाटत नाही. टाळांचा नाद मात्र पाणी मिसळल्यासारखा होतो, एका टाळाच्या शेवटाला दुसऱ्याची सुरुवात चिकटते, आणि सगळे मिळून सळसळतात. कारण सरळ आहे: टाळ हा उंच कंपनांनी भरलेला, क्षणात सुरू होणारा आवाज, आणि एमपी३ ला असाच आवाज सर्वांत जड जातो. एमपी३ गाणं छोट्या छोट्या चौकटींत तोडून हाताळतो, आणि एक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची असते. मध्येच जोराचा आघात आला की त्याची चूक आघाताच्या मागेही आणि पुढेही पसरते, आणि पुढे पसरलेली, म्हणजे आघाताच्या आधीच येणारी कुजबूज, कानाला खटकते. तबल्याच्या ‘ना’च्या कडेवरही लक्ष दिलं तर ती सापडते. तानपुऱ्याच्या जवारीत, म्हणजे तारांच्या गुंजणाऱ्या नादात, १२८ वर थोडा मंदपणा येतो. त्यासाठी मात्र हेडफोन लागतो.

३२० केबीपीएसचा एमपी३ आणि फ्लॅक यांतला फरक मला सांगता येत नाही. लेम या एमपी३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने व्ही० या बदलत्या बिटरेटच्या सर्वांत वरच्या दर्जावर काढलेला एमपी३ असला तरी नाही. तरुण विद्यार्थ्यांनाही नाही, आणि त्यांचे कान माझ्याहून वरच्या कंपनांना चांगले आहेत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण फ्लॅकची तरफदारी करणारे बरेच जण आवाजाच्या नावावर ती करतात. नुसतं ऐकायचं असेल तर चांगला काढलेला ३२० चा एमपी३ घरात कुणालाही कमी पडणार नाही.

फ्लॅक घ्यायचा तो उद्यासाठी. पुढच्या दहा वर्षांत कुठला फॉरमॅट चालेल, कुठलं यंत्र येईल, कोण सांगणार? एमपी३ च्या पेटंटचा परवाना कार्यक्रम २०१७ च्या एप्रिलमध्ये संपला तेव्हा ‘एमपी३ मेला’ अशा बातम्या आल्या. उलट तो तेव्हा सगळ्यांना पूर्ण मोकळा झाला होता. दरम्यान ओपस आला, तो निम्म्या जागेत तेवढाच चांगला वाजतो. आता माझ्याकडे संग्रह एमपी३ मध्ये असता आणि मला ओपस हवा असता, तर एकदा टाकून दिलेल्यातून आणखी एकदा टाकून द्यावं लागलं असतं: झेरॉक्सची झेरॉक्स. फ्लॅकमधून कितीही वेळा, कुठल्याही फॉरमॅटमध्ये नवी प्रत काढली तरी ती दरवेळी मूळ मुद्रणावरूनच निघते. कॅसेट पुन्हा वाजवायला लागत नाही. आणि दादांच्या कॅसेटी पुन्हा वाजवता येतीलच याची खात्री नाही.

दुसरं कारण याहून कमी बोललं जातं. फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा, म्हणजे त्या ध्वनीवरून काढलेला ओळखीचा आकडा, लिहिलेला असतो. फ्लॅकचीच चाचणीची आज्ञा दिली की ती पूर्ण फाइल उलगडून पाहते आणि ठसा जुळतो का ते सांगते. डिस्क जुनी होऊन एखादी फाइल आतून खराब झाली असेल तर मला ते गाणं लावायच्या आत कळतं आणि दुसऱ्या डिस्कवरून चांगली प्रत आणता येते. वेव्हमध्ये ही सोय नाही; तिथे बिट बिघडला तर कानावर आदळेल तेव्हाच समजणार. ॲपलच्या अलॅक या फ्लॅकसारख्याच फॉरमॅटमध्येही असा ठसा नसतो. संग्रह सांभाळणाऱ्या माणसासाठी हा एकच गुण निवड करायला पुरेसा आहे.

कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या सेवांकडे जाताना हे डोक्यात ठेवून जा. माझ्या एका मैत्रिणीने तिच्या वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेटी स्टेशनजवळच्या एका दुकानात दिल्या. नाव घेत नाही. पेन ड्राइव्हवर १२८ चे एमपी३ मिळाले, खरखर काढण्याच्या नादात आवाजही घशात अडकल्यासारखा केलेला. मी तिला फ्लॅक मागायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फ्लॅक हजर, फाइल चांगली चौपट मोठी. स्पेक नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर गाण्याचा कंपनांचा आलेख दाखवतं. त्यात उघडून पाहिलं तर १६ हजार हर्ट्झच्या आसपास सपाट कापल्यासारखी रेघ आणि वर सगळा अंधार. अस्सल उतरवलेल्या कॅसेटची खरखर त्या रेघेच्या बऱ्याच वर जायला हवी. म्हणजे त्यांनी जुनाच एमपी३ फ्लॅकच्या वेष्टनात घालून दिला होता. वेष्टन मोठं केल्याने टाकलेलं परत येत नाही. तुम्हाला कुणी फ्लॅक दिला की पैसे देण्याआधी स्पेकमध्ये उघडून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

दादांच्या कॅसेटी मी पाचपाखाडीत एका जुन्या टेपडेक दुरुस्त करणाऱ्या काकांकडे दिल्या. जाहिरात नाही, पाटी नाही, घरातल्याच एका खोलीत काम. सी-९० ला साडेतीनशे रुपये, आणि वेळ सांगतील त्याहून जास्त घेतात. तरीही मी त्यांच्याचकडे जाईन, कारण त्यांचं काम जवळ बसून पाहिलंय.

कॅसेट हातात आली की ते आधी ती लावत नाहीत. उजेडात धरून आतली टेप बघतात, बुरशीचे पांढरे ठिपके आहेत का, टेपमागची स्पंजची बारीक गादी जागेवर आहे का. गादी सुटली असेल तर स्क्रू काढून टेप दुसऱ्या कवचात बसवतात. कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर ब्लेडने सांध्यावर उघडतात. मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवतात, वर्षानुवर्षं एकाच स्थितीत चिकटलेले वेढे मोकळे व्हायला. डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसतात. आणि मग सर्वांत महत्त्वाचं. कॅसेट वाजायला लागली की ते ॲम्प्लिफायर मोनोवर टाकतात, आणि हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू पेचकसाने केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवतात. दादांच्या टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात या डेकचं हेड आलं नाही तर वरची कंपनं एकमेकांना खाऊन टाकतात. माझ्यासमोर लावलेल्या कॅसेटवर आधी तानपुरा घोंगडीखाली वाजत असल्यासारखा होता. स्क्रू फिरता फिरता एका ठिकाणी जवारी उघडली, खरजाच्या तारेतून वरचा गंधार स्वच्छ निघाला, आणि काकांनी हात थांबवला. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं. जी सेवा एका यंत्रात कॅसेटी ओळीने घालून सोडून देते तिच्याकडून जवारी मिळणार नाही, मग फॉरमॅट कुठलाही असो. उत्तम फ्लॅक करायचा तर आधी टेप उत्तम वाजली पाहिजे.

“ताई, टेप शेवटची वाजतेय असं समजूनच वाजवायची,” असं ते म्हणतात. खरखर ते काढत नाहीत, विचारलं तरी नाही म्हणतात. मला तेच हवं होतं. खरखर काढायची सॉफ्टवेअरं सुधारत जाणार. आज काढली तर तिच्याबरोबर आवाजाचा जो भाग गेला तो परत येणार नाही. मूळ प्रत जशी आहे तशी ठेवावी, स्वच्छ केलेली प्रत हवी तर तिच्यावरून वेगळी करावी. काही कॅसेटींवर दादांनी ‘डॉल्बी बी’, म्हणजे खरखर कमी करायची पद्धत, असं लिहून ठेवलं होतं. त्या वाजवताना डेकवर तेच बटण लावावं लागतं, नाहीतर वरचे स्वर टोचरे होतात. तो कागद जपला म्हणून हे कळलं. कॅसेट देताना आतले कागद वेगळे काढू नका.

काकांना मी २४ बिट, ४८ हजार हर्ट्झ अशी फ्लॅक मागितली. काही जण ९६ किंवा १९२ हजार हर्ट्झचा आग्रह धरतात. साध्या कॅसेटवर त्या उंचीला संगीत नसतंच. तुम्ही खरखरीचं बारकाईने मुद्रण करून डिस्क भरणार. २४ बिट मात्र घ्यावेत. कॅसेटवरच्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर १६ बिटांतही आरामात मावतं, पण मुद्रण करताना पातळी थोडी खाली ठेवून गायकाच्या अचानक लागलेल्या तार षड्जासाठी वर मोकळी जागा सोडता येते. सी-९० ची पूर्ण फाइल वेव्हमध्ये दीड जीबीच्या आसपास आणि फ्लॅकमध्ये एक जीबीच्या आसपास होते. आजच्या डिस्कच्या मानाने हे काहीच नाही.

सीडींसाठी दुकानात जायची गरज नाही, घरीच होतं. यूएसबीचा सीडी ड्राइव्ह आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. ते सीडी वाचताना शंका आली की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतं आणि जगभरच्या लोकांनी त्याच सीडीच्या केलेल्या रिपशी, म्हणजे संगणकावर उतरवलेल्या प्रतीशी, आपली रिप जुळवून पाहतं. माझ्याकडच्या मराठी सीडींतल्या बऱ्याच त्या यादीत सापडत नाहीत. अशा वेळी सॉफ्टवेअरमधलीच चाचणी आणि प्रत अशी दुहेरी वाचणी घ्यायची, दोन्हींचा आकडा जुळला की रिप चांगली. घरी बर्न केलेल्या सीडी-आर असतील तर त्या सर्वांत आधी घ्या. छापील सीडी अजून वर्षानुवर्षं टिकतील, सीडी-आरमधलं रसायन मात्र आपल्या दमट हवेत भराभर उतरतं.

गाणं शिकवणाऱ्या माणसाला सीडीत आणखी एक गोष्ट फार जाणवते. विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्यावर, पण मध्ये गाणं थांबलेलं नसतं. तबला चालू असतानाच ट्रॅक बदलतो. एमपी३ आपल्या चौकटी पूर्ण करायला सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो. चांगले प्लेयर लेमने लिहून ठेवलेल्या माहितीवरून ती वगळतात, पण सगळे नाही. आमच्या गाडीतला नाही. मग नेमकं समेवर येता येता ठेका अडखळतो आणि बसलेली लय मोडते. फ्लॅकमध्ये ही अडचण मुळातच नाही, कारण त्यात नमुने मोजून तेवढेच असतात.

नावनिशी लावण्याच्या बाबतीत फ्लॅक मला सर्वांत सोयीचा वाटला. टॅगमधला, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या माहितीतला, मजकूर यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीत असतो, म्हणजे देवनागरी बिनदिक्कत. खान्यांची नावं रोमन अक्षरांत ठेवावी लागतात, पण खाने मात्र आपल्याला हवे तेवढे आणि हवे ते करता येतात. मी राग, ताल, बंदिशीचा मुखडा, तबला, पेटी, ठिकाण आणि तारीख असे खाने केलेत, आणि दादांच्या कागदावरचा मजकूर शब्दशः एका वेगळ्या खान्यात. कागदाचा फोटोही फाइलच्या आत बसवलाय. आता विद्यार्थिनीने मारवा काढायला घेतला की मारव्याची सगळी मुद्रणं एका ओळीत समोर येतात. एमपी३ मध्येही नव्या पद्धतीच्या टॅगात देवनागरी बसते, पण जुन्या पद्धतीत नावाला तीसच जागा आणि देवनागरीला थारा नाही. जुनी यंत्रं तिथेच चौकोन दाखवतात. बाजारातल्या सीडींची माहिती म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे सॉफ्टवेअर आपोआप भरतं. शास्त्रीय आणि मराठी सीडींना ते बऱ्याचदा कमी पडतं, हाताने भरावं लागतं. हे काम कंटाळवाणं नाही, पण वेळ खाणारं आहे, आणि ते उतरवतानाच करावं. नंतर ‘ट्रॅक ०१’ नावाच्या ढीगभर फाइलींत रागही ओळखता येईल, साथीदार कोण ते नाही कळणार.

आयफोन आणि मॅक वापरणाऱ्यांची एक अडचण खरी आहे. ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये फ्लॅक घालता येत नाही. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये २०१७ पासून वाजतो, व्हीएलसी या प्लेयरमध्येही वाजतो, पण गाण्यांची नेटकी यादी म्युझिकमध्ये हवी असेल तर अलॅक करावा. अलॅक ॲपलने २००४ मध्ये आणला आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. तोही काही टाकत नाही, त्यामुळे फ्लॅकमधून अलॅक आणि अलॅकमधून फ्लॅक कितीदाही करा, नुकसान शून्य. माझ्या जावेकडे सगळं ॲपलचं आहे, तिने संग्रहच अलॅकमध्ये ठेवलाय आणि मी तिला बदल असं सांगितलेलं नाही.

विद्यार्थ्यांना पाठवायला मी ओपस वापरते, १२८ केबीपीएसवर. व्हॉट्सॲपवर आपण बोलून पाठवतो तो आवाजही ओपसमध्येच असतो, फक्त फार कमी बिटरेटवर. म्हणून बंदिश व्हॉट्सॲपवर गाऊन पाठवू नये. फाइल करून डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोचते. ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की फ्लॅक लावला तरी फोन तो आवाज हवेतून पाठवण्याआधी पुन्हा आवळतो. तिथे मोठ्या फाइलींचा उपयोग नाही, ओपस किंवा एएसी उत्तम. गाडीच्या पेन ड्राइव्हसाठी मी व्ही० चा एमपी३ काढते. तो ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा लागतो आणि नावं रोमनमध्ये. या सगळ्या प्रती फ्लॅकच्या फोल्डरवरून फुबार२००० मध्ये एका क्लिकवर निघतात. बिघडल्या, हरवल्या, पुसल्या, काही बिघडत नाही. पुन्हा काढायच्या.

ज्यांच्याकडे फक्त बाजारातलं, सगळीकडे मिळणारं संगीत आहे आणि जे ते फोनवरच ऐकतात, त्यांनी या खटाटोपात पडायचं कारण नाही. पैसे भरून ॲप घ्यावं आणि मजेत ऐकावं. पण मी हेही पाहिलंय की एखाद्या जुन्या नाट्यगीताचं मुद्रण ॲपवर आज असतं आणि हक्कांची फेरफार झाली की उद्या नसतं. आवडीची सीडी घरात असेल तर तिची फ्लॅक करून ठेवायला एक संध्याकाळही लागत नाही.

डिस्क दोन ठेवाव्यात आणि दोन्ही एका घरात ठेवू नयेत. एक टीबीच्या डिस्कवर सीडीवरून काढलेल्या फ्लॅकमध्ये तीन हजार तासांच्या आसपास संगीत मावतं, त्यामुळे दुसरी डिस्क घेणं परवडतं. आमची दुसरी नेरूळला भाच्याकडे असते. गणपतीला तो ठाण्याला येतो तेव्हा घेऊन येतो, नवीन भर तिच्यावर चढते, आणि चाचणीची आज्ञा रात्रभर चालू राहते. काकांकडे अजून दादांच्या कॅसेटींची एक पेटी बाकी आहे. ती झाली की नौपाड्यातल्या ज्या घरांत या बैठकी झाल्या होत्या, त्यांतल्या ज्यांचा पत्ता लागेल त्यांना त्यांच्या बैठकीच्या फाइली द्यायच्या ठरवल्या आहेत. त्यांना मात्र फ्लॅक आणि एमपी३ दोन्ही देणार.